सळई, मेण आणि टाचणी: उष्णतावहनाच्या प्रयोगात नेमके काय समान ठेवायचे?

ऐरोलीतील एका शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवीच्या मुलांनी तांबे, अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि लोखंड यांच्या सळयांवर मेणाने टाचण्या चिकटवल्या, सळयांचे एक टोक मेणबत्तीवर तापवले आणि कोणत्या धातूवरची टाचणी आधी पडते ते पाहिले. काही वेळा तांब्यावरची टाचणी आधी पडली, तर काही वेळा अ‍ॅल्युमिनियमवरची. प्रदर्शनात परीक्षकांनी "ही फेअर टेस्ट (एकच गोष्ट बदलून बाकी सर्व समान ठेवलेली चाचणी) आहे का?" असे विचारल्यावर मुलांना "सगळ्या सळया एकाच लांबीच्या आहेत" यापलीकडे काही सांगता आले नाही. तेव्हा अशा प्रयोगात कोणकोणत्या गोष्टी समान ठेवाव्यात, आणि दुसऱ्या गटाने केलेल्या, गरम पाण्याच्या पेल्याभोवती कापूस, थर्माकोल व वर्तमानपत्र गुंडाळण्याच्या प्रयोगालाही तेच निकष लागतात का, असे त्यांनी विचारले आहे.

ठाण्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हेच विषय वर्षानुवर्षे शिकवताना माझे असे मत झाले आहे की, समान ठेवायच्या गोष्टींची यादी पाठ करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आपल्याला नेमकी कोणती राशी जाणून घ्यायची आहे, हे आधी ठरवावे लागते. त्यानंतर त्या राशीखेरीज आणखी कशामुळे तोच निकाल लागू शकेल, हे एकेक करून शोधावे लागते. जी गोष्ट निकाल बदलू शकते ती समान ठेवायची, आणि जी समान ठेवणे शक्यच नाही तिच्यासाठी प्रयोगाची रचना बदलायची. मुलांच्या प्रयोगात नेमकी ही दुसऱ्या प्रकारची अडचण आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपण "फक्त धातू बदलला, बाकी सगळे तेच ठेवले" असे म्हणतो, तेव्हा धातूबरोबर एकच गुणधर्म बदललेला नसतो. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आले की उष्णतावाहकता बदलते, तशी घनताही बदलते आणि विशिष्ट उष्माही (एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) बदलतो. शुद्ध तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन, तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची सुमारे २३७ आहे. म्हणजे तांबे जवळपास १.७ पट सरस ठरते. परंतु एक घन सेंटिमीटर तांब्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ३.४५ ज्यूल उष्णता लागते आणि तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियमला सुमारे २.४३ ज्यूल पुरतात. तापमान सळईत किती वेगाने पुढे सरकते, हे या दोन राशींच्या भागाकारावर अवलंबून असते, आणि त्या भागाकाराला औष्णिक विसरणशीलता म्हणतात. ती तांब्यासाठी सुमारे ११६ आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी सुमारे ९७ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद येते. १.७ पटीचा फरक इथे १.२ पटींवर येतो. दहा सेंटिमीटर अंतराच्या वर्गाला या संख्येने भागले तर तापमान पोहोचण्याच्या वेळेचा ढोबळ अंदाज मिळतो: तांब्यासाठी साधारण ८६ सेकंद, अ‍ॅल्युमिनियमसाठी साधारण १०३ सेकंद. एवढा थोडा फरक मेणाच्या एका मोठ्या थेंबाने सहज झाकला जातो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवरची टाचणी कधी कधी आधी पडली यात मुलांच्या हातून काही वावगे घडले असे समजू नये. निरीक्षण खरे आहे, ते तसेच वहीत राहू द्यावे.

हा मुद्दा अधिक ठळकपणे पाहायचा असेल तर लोखंड आणि शिसे यांचे आकडे शेजारी ठेवा. शुद्ध लोखंडाची उष्णतावाहकता सुमारे ८०, शिशाची सुमारे ३५. दुपटीहून अधिक फरक. तरीही त्यांची विसरणशीलता जवळजवळ सारखीच, सुमारे २३ आणि २४ आहे. (शिसे विषारी असल्याने ते शाळेत आणू नये, इथे केवळ आकडे पाहायचे आहेत.) म्हणजे टाचणी किती सेकंदांनी पडली यावरून क्रम लावणारा प्रयोग कितीही काळजीपूर्वक केला तरी तो वाहकतेचा क्रम सांगेलच असे नाही. इथे अवलंबी चलाची, म्हणजे निकाल म्हणून मोजायच्या राशीची, निवडच चुकली आहे. वेळ हे चल विसरणशीलतेचे उत्तर देते, आणि आपण मुलांना वाहकतेबद्दल निष्कर्ष लिहायला सांगतो.

यावर उपाय जुना आहे आणि तो शाळेच्या आवाक्यातला आहे. यान इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या धातूंच्या सारख्या सळयांना मेणाचा पातळ लेप दिला होता. त्या प्रयोगाच्या आज रूढ असलेल्या पद्धतीत सळयांची टोके गरम द्रवात ठेवतात, तापमान स्थिर होऊ देतात आणि कोणत्या सळईवर मेण कुठपर्यंत वितळले आहे ते मोजतात. तापमान स्थिरावल्यावर सळई स्वतः आणखी तापत नसते. त्यामुळे तिचा विशिष्ट उष्मा आणि घनता हिशेबातून निघून जातात आणि उरते ती वाहकता, जिच्या जोरावर उष्णता पुढे जाते, आणि पृष्ठभागावरून हवेत होणारा ऱ्हास. सळया पुरेशा लांब असतील, त्यांचा व्यास आणि पृष्ठभाग सारखा असेल आणि सगळ्यांचे गरम टोक एकाच तापमानाला असेल, तर वाहकता वितळलेल्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात येते. सेकंदांऐवजी सेंटिमीटर मोजायचे, एवढ्या एका बदलाने समान ठेवता न येणारी दोन चले बाजूला होतात. माझ्या दृष्टीने या सगळ्या उत्तरातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून एक हिशेब देतो. सळईचा व्यास ४ मिलिमीटर आहे आणि संथ हवेत तिच्या पृष्ठभागावरून प्रति चौरस मीटर प्रति अंश सुमारे १० वॅट उष्णता निघून जाते असे धरू. गरम टोक उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांवर, आणि खोली ३० अंशांवर असेल, तर मेण वितळण्याइतके, म्हणजे साधारण ५५ अंश तापमान तांब्यात सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत, अ‍ॅल्युमिनियममध्ये १५, पितळेत ११, साध्या पोलादात ७ आणि स्टेनलेस स्टीलमध्ये जेमतेम ४ सेंटिमीटरपर्यंत पोहोचेल. स्टेनलेस स्टीलच्या सळईवर १२ सेंटिमीटरवर लावलेली टाचणी उकळत्या पाण्याने कधीच पडणार नाही, मुलांनी दिवसभर वाट पाहिली तरीही. आणि ती न पडणे हेही एक निरीक्षणच आहे.

याच हिशेबातून सळईची लांबी आणि जाडी ठरवता येते. वरचे आकडे बऱ्याच लांब सळईचे आहेत. ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची सळई फक्त ३० सेंटिमीटर घेतली तर तिचे दूरचे टोकही साठ अंशांच्या आसपास जाते आणि सगळे मेण वितळून तुलनाच संपते. म्हणून २ मिलिमीटर व्यासाच्या तारा घ्याव्यात, असे मी सुचवतो. व्यास निम्मा केल्यावर ही अंतरे सुमारे ०.७ पट होतात. तांब्याचे १४ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि तीसचाळीस सेंटिमीटरची तार पुरते. लांब सळईत व्यासाचा परिणाम त्याच्या वर्गमुळाने होतो, त्यामुळे ४ मिलिमीटरच्या तांब्याशेजारी ६ मिलिमीटरची लोखंडी सळई ठेवली तर लोखंडाला सुमारे २२ टक्के जास्तीची लांबी फुकट मिळते. बाजारात लोखंडी सळई सहसा ६ मिलिमीटरपासून सहज मिळते आणि तांबे बारीक तारेच्या रूपात मिळते, म्हणून ही चूक पुष्कळ प्रयोगांत दिसते. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये मापे देऊन तारा कापून घ्याव्यात आणि व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येकीचा व्यास तीन ठिकाणी मोजून वहीत लिहावा. तिथे मिळणारे अ‍ॅल्युमिनियम बहुधा मिश्रधातू असते आणि त्याची वाहकता शुद्ध धातूपेक्षा कमी असते. तांब्यातील थोड्याशा अशुद्धीनेही त्याची वाहकता घटते. त्यामुळे पुस्तकातील आकड्याशी तंतोतंत मेळ बसला नाही तर बिचकू नये.

आता उष्णता देण्याच्या पद्धतीकडे येऊ. "सगळ्यांना सारखीच मेणबत्ती लावली" हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटते, पण त्यात एक सूक्ष्म गफलत आहे. सारखी ज्योत म्हणजे साधारण सारखी उष्णता. सारखे तापमान नव्हे. तांबे उष्णता झटपट वाहून नेते म्हणून त्याचे ज्योतीतले टोक तुलनेने थंड राहते, तर पोलादाचे टोक लालसर होण्याच्या बेतात येते. म्हणजे दोन सळयांची सुरुवातच वेगवेगळ्या तापमानावरून होते. शिवाय ज्योत हलते, तिची उंची बदलते आणि मेणबत्तीची काजळी सळईवर बसून पृष्ठभागाचे गुणधर्म बदलते. ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीला लागून असल्याने उकळते पाणी आपल्याला १०० अंशांचे स्थिर तापमान विनासायास देते. पत्र्याच्या डब्याला एका पातळीवर भोके पाडून तारा आडव्या आत सरकवाव्यात, प्रत्येक तारेची सारखीच लांबी, समजा ३ सेंटिमीटर, पाण्यात राहील असे पाहावे आणि भोके एम-सीलने बंद करावीत. डबा विजेच्या शेगडीवर ठेवावा. गॅसवर ठेवला तर ज्वाळेभोवतीची गरम हवा बाजूने वर येऊन तारांना थेट तापवते. कशीही शेगडी असली तरी डबा आणि तारांचा उघडा भाग यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा पडदा हवाच, नाहीतर प्रारण (गरम डब्यातून थेट बाहेर पडणारी उष्णता) आणि वाफ यांनी वितळलेले मेण वहनाच्या खाती जमा होते. झाकण ठेवावे, आणि उकळत्या पाण्याजवळ मोठ्या माणसाने थांबावे. पंधरावीस मिनिटांत मेणाची हद्द सरकायची थांबते.

काही शाळांत मध्यभागी धातूची चकती आणि तिला चारी बाजूंनी वेगवेगळ्या सळया जोडलेले तयार उपकरण असते. त्यात सगळ्यांत जास्त धोका सांध्याचा आहे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ आहे, सळई आणि चकती यांच्यामध्ये एक दशांश मिलिमीटर हवेची फट राहिली, तर तिचा अडथळा तेवढ्याच जाडीच्या सुमारे दीड मीटर तांब्याइतका होतो. प्रत्यक्षात धातू काही बिंदूंवर टेकलेले असतात म्हणून परिणाम इतका टोकाचा नसतो, पण एक सांधा घट्ट आणि दुसरा सैल असेल तर आपण धातूंची नव्हे, सांध्यांची तुलना करत असतो. संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी थर्मल पेस्ट सांध्यात भरली की हा दोष बराच कमी होतो.

मेणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पॅराफिन मेणाचा वितळण्याचा सुप्त उष्मा प्रति ग्रॅम सुमारे २०० ज्यूल आहे. टाचणी चिकटवताना एक दशांश ग्रॅमचा थेंब सहज पडतो. तो वितळायला सुमारे २० ज्यूल लागतात. ४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या सळईचा एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा २५ अंशांनी तापवायला मात्र साधारण ११ ज्यूल पुरतात. म्हणजे ज्याला आपण निव्वळ खूण समजतो, तो थेंब त्याच्याखालच्या धातूपेक्षा जास्त उष्णता खातो. एका सळईवर मोठा थेंब आणि दुसरीवर छोटा असेल तर टाचणी पडण्याचा क्रम उलटू शकतो. वेळ मोजण्याचाच प्रयोग करायचा असेल तर एकाच मेणबत्तीचे मेण, एकाच पाकिटातल्या टाचण्या आणि सुई नसलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने सोडलेले सारखे थेंब वापरावेत. लांबीच्या प्रयोगात ही अडचण जवळजवळ राहत नाही, कारण तापमान स्थिरावल्यावर वितळून झालेले मेण आणखी उष्णता मागत नाही. तिथे सारखा, पातळ लेप पुरेसा असतो.

पृष्ठभागाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की जुने काळवंडलेले तांबे आणि नवे चकचकीत अ‍ॅल्युमिनियम हवेला आणि भोवतालाला सारख्या प्रमाणात उष्णता देत नाहीत. सर्व तारा एकाच सँडपेपरने घासाव्यात. हवेच्या झोताचा परिणाम मात्र मोठा असतो: पंख्यामुळे पृष्ठभागावरून होणारा ऱ्हास चौपट झाला तर वितळलेली लांबी निम्मी होते, आणि पंख्याच्या बाजूची तार विनाकारण मागे पडते. म्हणून निरीक्षण चालू असेपर्यंत पंखा बंद ठेवावा. ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात दुपारनंतर वारा वाढतो, तेव्हा खिडक्याही लावून घ्याव्यात. जानेवारीच्या सकाळी घेतलेले निरीक्षण आणि मे महिन्याच्या दुपारी घेतलेले निरीक्षण एकाच तक्त्यात मांडू नये, आणि मांडायचेच असेल तर खोलीचे तापमान प्रत्येक ओळीत लिहावे. सगळ्या तारा एकाच वेळी एकाच डब्यावर लावल्या तर खोलीतले बदल सर्वांना सारखेच भोगावे लागतात, हा त्या रचनेचा मोठा फायदा आहे.

एकदाच प्रयोग करून क्रम जाहीर करू नये. किमान तीनदा, जमल्यास पाचदा करावा, आणि दर वेळी तारांच्या जागा बदलाव्यात, म्हणजे एखादी जागा वाऱ्याकडे किंवा शेगडीच्या जास्त तापणाऱ्या बाजूला असेल तर ते उघड होईल. दोन फेऱ्यांमध्ये तारा पूर्ण थंड होऊ द्याव्यात. विशेषतः वेळ मोजताना आधीच कोमट असलेल्या सळईला आघाडी मिळते. आणखी एक चल मुलांच्या मनात असते. तांबे पहिले यायला हवे, हे त्यांना आधीच ठाऊक असते, आणि स्टॉपवॉच दाबणारे बोट नकळत त्या अपेक्षेने चालते. मोबाइल स्थिर ठेवून चित्रीकरण करावे आणि हद्द कुठे आहे किंवा टाचणी केव्हा पडली, हे प्रयोगात सहभागी नसलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे.

तक्त्यात केवळ सरासरी न देता सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचनही द्यावे. समजा तांब्याची लांबी १३ ते १५ सेंटिमीटर आणि अ‍ॅल्युमिनियमची १० ते ११ सेंटिमीटर आली, तर दोन्हींच्या मर्यादा एकमेकींत शिरत नाहीत आणि तांबे सरस असल्याचे ठामपणे लिहिता येते. सेकंदांच्या प्रयोगात त्या मर्यादा एकमेकींत शिरत असतील, तर "या पद्धतीने तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यातील फरक ओळखता आला नाही, पितळ आणि लोखंड मात्र त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे मागे राहिले" असे वाक्य लिहावे. परीक्षक म्हणून मी अशा वाक्याला पाठ्यपुस्तकातला क्रम उतरवून काढणाऱ्या निष्कर्षापेक्षा नक्कीच अधिक गुण देईन, आणि मुलांनी ते न घाबरता लिहावे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या गटाच्या पेल्यांच्या प्रयोगाला विचार करण्याची पद्धत तीच लागते, पण समान ठेवायच्या गोष्टी वेगळ्या निघतात. तिथे आवरणाचे वजन समान ठेवण्याचा मोह होतो. समान ठेवायची असते ती जाडी. कापूस दाबून गुंडाळला की त्यातली हवा निघून जाते, म्हणून प्रत्येक आवरण पुठ्ठ्याच्या एकाच मापाच्या बाहेरच्या नळकांड्यात बसवावे. पेले एकाच धातूचे आणि एकाच आकाराचे, पाणी सारखेच, समजा २०० मिलिलिटर, आणि वेळ मोजायला सुरुवात सगळ्यांत ७० अंशांपासून. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे झाकण. एक ग्रॅम पाण्याची वाफ होऊन गेली तर ती सुमारे २३०० ज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणजे २०० ग्रॅम पाणी पावणेतीन अंशांनी थंड होते. उघड्या पेल्यात बहुतेक उष्णता वरून निघून जाते आणि बाजूच्या आवरणांमधला फरक दिसतच नाही. सर्व पेल्यांना थर्माकोलची सारखी झाकणे बसवावीत, पेले लाकडी फळीवर ठेवावेत आणि थर्मामीटरसाठी झाकणाला तेवढेच भोक पाडावे. आवरण नसलेला एक पेला सोबत हवाच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय कोणत्या आवरणाने किती फरक पडला हे सांगता येत नाही. कापूस आणि थर्माकोल यांची वाहकता ०.०३ ते ०.०४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे त्यांच्यात मोठा फरक दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. हा प्रयोग पावसाळ्यात करायचा असेल तर कापूस आणि वर्तमानपत्र यांचा दमटपणा हे एक नवे चल होऊन बसते, कारण पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटींहून जास्त आहे. दोन्ही साहित्य प्रयोगाच्या आदल्या दिवशी इस्त्रीने किंवा दिव्याच्या उबेत कोरडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, वापरण्यापूर्वी आणि वापरल्यानंतर त्याचे वजन करावे, आणि वजन वाढलेले दिसले तर ती फेरी पुन्हा घ्यावी.